सूर्याची खरखर

सूर्य रेडिओवर लागतो, ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली. मुंबई लागते, पुणे लागते, हवा बरी असली तर सांगलीही लागते. आमच्या वडिलांच्या पिढीला सिलोन लागत असे आणि ते लागले की घरात कुणी भांडेसुद्धा वाजवीत नसे. पण सूर्य? आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक एके दिवशी चहाच्या सुट्टीत एक ध्वनिमुद्रण घेऊन आले आणि "ऐका" म्हणाले. आधी नुसती बारीक सूं सूं. मग तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसा एक लांबलचक 'चर्र', काही सेकंदांचा. तो विरतो न विरतो तोच दुसरा. "हा सूर्य," ते म्हणाले. "अगदी आमच्या कुकरसारखा आहे हो!" असे इतिहासाच्या बाई म्हणाल्या आणि सगळे हसले. मी मात्र त्या दिवसापासून या विषयाचा पिच्छा पुरवला.

मराठी शिकवणाऱ्या माणसाची पहिली अडचण शब्दाची. इंग्रजीत या प्रकाराला 'बर्स्ट' म्हणतात. आपल्याकडे कुणी 'स्फोट' म्हणतो, कुणी 'उद्रेक'. स्फोट म्हटला की काहीतरी फुटले आणि संपले असे वाटते. उद्रेक म्हटला की ज्वालामुखी किंवा पटकी डोळ्यांपुढे येते. मला 'उसळी' बरा वाटतो. उसळी येते, ओसरते आणि पुन्हा येते. परिभाषाकार मंडळी रागावणार नसतील तर या लेखापुरता मी तोच शब्द चालवतो.

या उसळीचा शोध आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या कुणा ज्योतिषशास्त्रज्ञाने लावला नाही. तो लागला लढाईच्या धामधुमीत. १९४२ चा फेब्रुवारी महिना. जर्मनांची दोन बडी लढाऊ जहाजे, शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाऊ, इंग्लिश खाडीतून भर दिवसा निसटून गेली, आणि जाताना त्यांच्या लोकांनी किनाऱ्यावरच्या ब्रिटिश रडारांचे कान बधिर करून टाकले होते. इंग्लंडात हलकल्लोळ उडाला. असा गोंगाट शत्रू पुन्हा करील तेव्हा तो ओळखायचा कसा, हे शोधण्याचे काम सैन्याच्या संशोधन विभागातील जेम्स स्टॅन्ले हे या गृहस्थांकडे आले. हे मूळचे शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारे मास्तर. (शाळामास्तरांना लढाईत काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी पुढचे वाचावे.)

दोनच आठवड्यांत, २७ आणि २८ फेब्रुवारीला, ठिकठिकाणच्या रडारचालकांकडून तक्रारी आल्या की खरखर इतकी आहे की विमान दिसणे मुश्किल. पण विमाने तर आलीच नव्हती! हे यांनी सगळी टिपणे समोर मांडली. एकमेकांपासून कित्येक मैलांवरची ती ठाणी. पण खरखर ज्या दिशेने येत होती ती दिशा सगळ्यांची एकच होती, आणि दिवस चढेल तशी ती सरकत होती. सकाळी पूर्वेला, मग दक्षिणेला. शत्रूचे यंत्र असे आकाशातून चालत जात नाही. हे यांनी ग्रिनिचच्या वेधशाळेला टेलिफोन लावला. उत्तर आले की सूर्यबिंबाच्या अगदी मध्याजवळ सध्या डागांचा एक भलामोठा पुंजका आहे. झाले! शत्रू कोण ते कळले, आणि त्याच्यावर तोफ डागण्याची सोय नव्हती. लढाई चालू असेतो ही गोष्ट गुपित राहिली. ती छापून आली १९४६ साली.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये, एलिझाबेथ अलेक्झांडर या बाई अशाच एका कोड्याशी झगडत होत्या. त्या शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. बालपणाची काही वर्षे त्यांनी आपल्या पाटण्यात काढली होती. पती सिंगापुरात जपान्यांच्या कैदेत, पदरी लहान मुले, आणि हाताखाली रडार संशोधनाचा एक विभाग. १९४५ च्या मार्चमध्ये नॉरफोक बेटावरच्या रडारवर सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळी गोंगाट वाढतो अशी बातमी आली. तिचा पाठपुरावा करून त्यांनी अहवाल लिहिला की हा सूर्यच आहे.

तो अहवाल सिडनीच्या प्रयोगशाळेत पोहोचला आणि तिथे या कथेतली सर्वांत विलक्षण व्यक्ती भेटते. रूबी पेन-स्कॉट. जन्म १९१२ चा. रेडिओच्या तंत्रात आणि गणितात सारखीच पारंगत, आणि वाद घालायला एका पायावर तयार. लढाई संपताच, १९४५ च्या ऑक्टोबरात, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीजवळचे एक लष्करी रडार सूर्याकडे वळवले. पुढे डोव्हर हाइट्सच्या कड्यावर तर त्यांनी मोठीच युक्ती केली. सूर्य समुद्रातून वर येताना त्याच्या रेडिओलहरी दोन वाटांनी कड्यावर येतात. एक सरळ, दुसरी पाण्यावरून परावर्तित होऊन. त्या दोन लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे मारतात. त्या चढउतारावरून मंडळींनी हिशेब मांडला आणि दाखवले की खरखर साऱ्या सूर्यबिंबातून येत नाही, ती डागांच्या भागातून येते.

८ मार्च १९४७ रोजी एक दांडगी उसळी आली. तीन यंत्रे तीन निरनिराळ्या कंपनसंख्यांवर ऐकत होती. सेकंदाला वीस कोटी कंपनांचे यंत्र प्रथम उसळले. काही मिनिटांनी दहा कोटींचे, आणि त्यानंतर सहा कोटींचे. एकाच उसळीला तीन वेळा का यावे?

हे समजण्यासाठी एक देऊळ डोळ्यांपुढे आणा. डोंगरावरचे, पुष्कळ पायऱ्यांचे. पायरीपायरीला एक घंटा टांगली आहे, पण अशी की पायथ्याशी लहान किणकिणती घंटा आणि वर जावे तसतशी मोठी, खर्जातली. आता एखादा पोरगा घंटा बडवीत पायऱ्या चढू लागला, तर खाली उभे राहणाऱ्याला सूर उतरत उतरत गेलेला ऐकू येईल. पोरगा धावत सुटला तर सूर झरकन उतरेल. आजोबा दमत दमत चढले तर सावकाश. म्हणजे चढणारा न दिसताही त्याचा वेग कळतो.

सूर्याभोवतीचे वातावरण, ज्याला प्रभामंडळ म्हणतात, ते असेच आहे. तिथे अणू फुटून मोकळे झालेले इलेक्ट्रॉन असतात, तळाशी दाट आणि वर विरळ. दाट थराला डिवचले तर तो उंच कंपनसंख्येवर झंकारतो, विरळ थर खालच्या. सूर्यावर भडका उडाला आणि काही वर फेकले गेले, की ते थरामागून थर वाजवीत जाते. १९४९ साली पॉल वाइल्ड यांनी सिडनीजवळ पेनरिथ येथे सगळे सूर एकदम टिपणारे यंत्र उभारले, आणि त्या नोंदींवरून उसळ्यांच्या जाती पाडल्या. पहिली, दुसरी, तिसरी; पुढे चौथी-पाचवीची भर पडली. शास्त्रज्ञ नावे ठेवण्यात इतके कंजूष का असतात कोण जाणे! आपल्याकडे एकेका पावसाला नाव आहे. असो. तिसऱ्या जातीत सूर काही सेकंदांत खाली येतो. तो धावणारा पोरगा, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत, प्रकाशाच्या साधारण एकतृतीयांश वेगाने निघालेला. दुसऱ्या जातीत त्याच उतरणीला कित्येक मिनिटे लागतात; हा आघाततरंग, सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास चालणारा. १९४७ ची ती उसळी याच जातीची. पहिली जात म्हणजे तासन् तास, कधी दिवसचे दिवस चाललेली चिवचिव. आमच्या स्टाफरूममधला कुकर तिसऱ्या जातीचा होता.

रूबीबाईंचे पुढे काय झाले ते सांगायलाच हवे. ऑस्ट्रेलियात त्या वेळी सरकारी नियम असा होता की स्त्रीने लग्न केले की तिची कायम नोकरी गेली. बाईंनी १९४४ साली लग्न केले आणि ते कचेरीत कळवलेच नाही. सहा वर्षे ही गोष्ट झाकली गेली. १९५० साली ती वरिष्ठांच्या कानी गेली. त्यांची कायम जागा काढून त्यांना तात्पुरत्या यादीत टाकले; निवृत्तिवेतनाचा हक्क गेला. त्यांनी पत्रांतून तंडण्यात कसूर केली नाही, पण नियम तो नियम. १९५१ साली मूल होणार म्हणून त्यांनी नोकरी सोडली, कारण बाळंतपणाची रजा म्हणून काही चीजच नव्हती. पुढे कित्येक वर्षे त्या एका मुलींच्या शाळेत शिकवीत होत्या. संशोधनाकडे त्या परत आल्या नाहीत. १९८१ साली त्या वारल्या. तो नियम उठला १९६६ मध्ये. उसळ्यांच्या जातींची नावे आजही पुस्तकांतून वाइल्ड यांच्या नावाने येतात, आणि वाइल्ड थोर होतेच. परंतु पहिल्या नोंदी कुणाच्या वहीत होत्या हे विद्यार्थ्याला सांगायला काय हरकत आहे?

आता घरचे सांगतो. कल्याण स्टेशन आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी गर्दीच्या धक्क्यांवरून ओळखले असेल. याच कल्याणजवळ १९६५ साली सूर्याकडे तोंड करून सहा-सहा फुटांच्या बत्तीस थाळ्या उभ्या होत्या. त्यांची कथा अशी. गोविंद स्वरूप हे तरुण शास्त्रज्ञ १९५३ मध्ये सिडनीला शिकायला गेले. तेथील पॉट्स हिलच्या या थाळ्या दोनेक वर्षांत मोडीत निघणार असे त्यांच्या कानी आले. भारताला द्या की, असे त्यांनी सुचवले आणि यजमान तयारही झाले. पण बोटीच्या भाड्याला लागणारे परकी चलन दिल्लीहून सुटेना! फुकट मिळालेल्या वस्तूचे हमालीवरून अडणे आपल्याला नवे नाही. मधल्या काळात स्वरूप अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी सहकाऱ्याबरोबर वर जाऊन वळसा घेऊन परत फिरणारी एक नवीच उसळी ओळखली. तिचा आकार इंग्रजी 'यू' उलटा धरल्यासारखा. होमी भाभांनी बोलावल्यावर १९६३ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, थाळ्याही अखेर भारतात पोचल्या होत्या, आणि कल्याणला सूर्याचे वेध सुरू झाले. पुढे उटीची दुर्बीण झाली, नारायणगावजवळ खोडदची झाली, त्यांचे कौतुक आपण करतोच. पण ज्या पोरांनी उटीचे आणि खोडदचे काम उचलले त्यांतल्या कित्येकांचे हात कल्याणच्या त्या दुसऱ्या हातच्या थाळ्यांवर बसले होते.

"पण या खरखरीची वही ठेवून करायचे काय?" आमच्या घरी हा प्रश्न मला पोळ्या लाटता लाटता विचारण्यात आला. त्याला माझे उत्तर म्हणजे २३ मे १९६७. त्या दिवशी ग्रीनलंड, अलास्का आणि इंग्लंड येथील अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-सूचक रडारांवर एकदम गोंधळ माजला. तिन्ही आंधळी! रशियाने मुद्दाम केले असे समजले असते तर ते युद्धाचेच पाऊल मानले गेले असते. अण्वस्त्रवाहू विमाने तयारीला लागली. परंतु थोड्याच वर्षांपूर्वी हवाई दलाने सूर्यावर रोज पाळत ठेवणारे लोक नेमले होते. त्यांनी वेळेवर कळवले की सूर्यावर मोठा भडका उडाला आहे, त्याची रेडिओउसळी प्रचंड आहे, आणि तिन्ही रडारांवर या क्षणी ऊन आहे. विमाने जमिनीवरच राहिली. ही हकीकत शास्त्रीय नियतकालिकात सविस्तर आली ती २०१६ साली.

याहून साधे नुकसानही होते. ६ डिसेंबर २००६ रोजी, सूर्य शांत असण्याच्या काळात, अशी उसळी आली की पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूचे अनेक जीपीएस वाटाडे वाट चुकले. सुदैवाने आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र होती. आणि दुसऱ्या जातीची उसळी तर निरोप्याचेच काम करते. रेडिओलहर आठ मिनिटांत येते. तिच्या मागून निघालेला सूर्यद्रव्याचा लोट पोचायला एक ते तीन दिवस लागतात. २०२४ च्या मे महिन्यात असे लोट एकामागून एक आले तेव्हा लडाखातल्या हान्ले येथे आकाश तांबडे झालेले लोकांनी पाहिले.

नोंदीचे काम मात्र जगात सर्वत्र अत्यंत निरस दिसते. कॅनडात आर्थर कव्हिंग्टन यांनी लढाईतल्या जुन्या रडारच्या सुट्या भागांतून यंत्र जोडले आणि १९४७ पासून सूर्याची १०.७ सेंटिमीटर लांबीची लहर रोज मोजायला सुरुवात केली. माणसे बदलली, जागा ओटावाहून पेंटिक्टनला गेली, आकडा रोज निघतोच आहे. शांत सूर्याचा आकडा सत्तरच्या जवळ. सूर्य खवळला की दोनशेच्या वर. झुरिकच्या मंडळींनी तर टीव्हीत असतो तसला साधा ट्यूनर घेऊन 'कॅलिस्टो' नावाचे स्वस्त यंत्र बनवले आणि ते देशोदेशी पसरले. आपल्याकडे ते उटीला आणि कर्नाटकात गौरीबिदनूरला आहे. मुंबई-पुण्यात ते चालवणे कठीण. मोबाइलचे मनोरे, एफएमची स्टेशने, आणि दिवाळीत गॅलरीगॅलरीतून लुकलुकणाऱ्या स्वस्त विजेच्या माळा, सारेच खरखर करतात. गौरीबिदनूरच्या नोंदीतसुद्धा एफएमचा पट्टा कापडाच्या काठासारखा उभाच असतो, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे सूर्य शोधावा लागतो.

हे यंत्र दर पंधरा मिनिटांची एक नोंद बांधून ठेवते. बहुतेक नोंदींत काहीही नसते. गौरीबिदनूरला सूर्य टेकतो तेव्हा स्वित्झर्लंडात नुकतीच दुपारची जेवणे उरकलेली असतात आणि तिथले यंत्र चालू असते. ते मिटायच्या आत अमेरिकेतले उघडते.