किल्ली खिळ्यालाच हवी

गेली बावीस वर्षं मी बँकेत काउंटरच्या काचेमागं बसतो आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला एकच मंत्र देतो. ‘पिन कुणाला सांगायचा नाही, पासवर्ड कुठं लिहून ठेवायचा नाही.’ हा मंत्र माझ्या जिभेवर इतका बसलाय, की मागं सत्यनारायणाच्या पूजेत भटजींनी ‘गोत्र सांगा’ म्हटल्यावर मी ‘ते सांगता येणार नाही’ असं पटकन बोलून गेलो. अशा माणसानं उठून जाहीर म्हणायचं, की घरच्या वायफायचा पासवर्ड स्वयंपाकघरात ठळक अक्षरांत लिहून ठेवावा! पुजाऱ्यानंच देवळाच्या पायरीवर बसून ‘देव नाही’ म्हणण्यातला हा प्रकार. पण मी म्हणणार. मागच्या गड्ड्याला माझ्याच घरात माझी जी शोभा झाली, तिच्यानंतर गप्प बसणं म्हणजे वहीवर खोटी शिल्लक दाखवण्यासारखं आहे.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची यात्रा. संक्रांतीच्या सुमाराला नंदीध्वजांची मिरवणूक निघते, होम मैदानावर पाळणे फिरू लागतात आणि गावातल्या प्रत्येक घरात पुण्याचा निदान एक तरी पाहुणा उतरतो. आमच्याकडे मेहुणा उतरला. सहकुटुंब, हुतात्मा एक्स्प्रेसनं, रात्री. पूर्वी पाहुणा दारात आला की आपण ‘पाणी घेणार?’ म्हणायचो, तो ‘बसू तर द्या’ म्हणायचा, मग पाऊसपाणी, तब्येती, असं करत गाडी जेवणावर यायची. मेहुण्यानं चपला काढल्या आणि विचारलं,

‘‘दाजी, पासवर्ड काय?’’

त्याच्या पोराचा रोजच्या डेट्याचा रतीब म्हणे कुर्डुवाडीच्या आधीच संपला होता आणि पोरगा तेव्हापासून खिडकीबाहेर बघत बसला होता. तशी अवस्था कुठल्याही बापाला बघवणार नाही. मी उत्साहानं ‘‘सांगतो की!’’ म्हणालो, आणि तोंड उघडं ठेवून तिथंच थांबलो. मला पासवर्ड माहीत नव्हता. पाहुण्यानं पाणी मागावं आणि घरात माठ कुठं ठेवलाय हेच यजमानाला आठवू नये, तसं झालं.

मेहुण्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मी ओळखतो. कर्जाची फाइल ‘वर पाठवलीय’ असं सांगितलं की गिऱ्हाईक तसंच पाहतं. दाजींना द्यायचा नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

‘‘अहो, तुम्हीच ठेवला असेल ना?’’ सौ. म्हणाली.

‘‘मी कशाला ठेवू?’’

‘‘बँकेत आहात ना!’’

मग तर्क सुरू झाले. आधी गाडीचा नंबर टाकून झाला, मग घराचं नाव. मेहुण्याच्या बायकोनं कौतुकानं सुचवलं, ‘‘लग्नाची तारीख असेल, भावजी.’’ मी मोठ्या ऐटीत तारीख सांगितली. पोरानं ती टाकली. चूक. सौ. शांतपणे म्हणाली, ‘‘पासवर्ड चुकला ते जाऊ दे. तारीखसुद्धा चुकलीय.’’ यानंतर दहा मिनिटं कुणी कुठलाच तर्क सुचवला नाही.

खरी चीड यायला पुढंच सुरुवात झाली. घरात माझा फोन होता, सौ.चा होता, वडिलांचा होता आणि भिंतीवर टीव्ही होता. हे चारही त्या पासवर्डावर सुखानं जगत होते. माझ्या खिशातल्या, माझ्या पगारातून हप्ते फेडलेल्या फोनला तो पाठ होता. तो रोज घरात शिरताना माझ्या नकळत पुटपुटतो आणि आत जातो. टीव्हीला माहीत, आणि ज्याच्या नावावर बिल येतं त्याला नाही!

गलका ऐकून शेजारचे अण्णा आले. अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे आणि जगातली कुठलीही बिघडलेली वस्तू यंत्रमागासारखीच दुरुस्त होते असा त्यांचा सिद्धांत आहे. ‘‘साहेब, त्या डबीच्या मागं बारीक भोक असतं बघा. त्यात टाचणी घाला आणि दहापर्यंत मोजा. सगळं नव्यानं चालू होतंय.’’ मी टाचणी घेऊन उभासुद्धा राहिलो होतो. नंतर समजलं, की त्या टाचणीनं पासवर्डच काय, इंटरनेटवाल्याच्या माणसानं भरून दिलेली सगळी माहितीसुद्धा पुसली जाऊ शकते आणि मग त्या माणसाची वाट बघत बसावं लागतं. डबीच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर एक पासवर्ड छापलेला होता खरा. पण तो कारखान्यातून आलेला मूळचा. तो आमच्या चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी बदलला होता. आणि चिरंजीव गेले दीड वर्ष पुण्यात, इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर. फोन लावला. वाजला, वाजला आणि थांबला. रात्री अकराला इंजिनीअरिंगचा विद्यार्थी बापाचा फोन उचलत नसतो. पैसे हवे असतील तरच उचलतो.

पाहुणे सौ.च्या फोनमधलं उरलंसुरलं नेट वाटून घेऊन झोपले. मला झोप येईना. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. तांत्रिक गोष्टी मला समजत नाहीत, पण जमाखर्च समजतो. अंथरुणावर पडल्या पडल्या मी या गुपिताचा ताळेबंद मांडला. या पासवर्डामुळं आजवर चोर किती अडले? माझ्या माहितीत शून्य. घरचे आणि पाहुणे किती अडले? आज रात्री मोजून सहा. ज्या कुलपाच्या खात्यात चोर शून्य आणि मालक सहा पडतात, ते कुलूप कुणासाठी लावलंय?

आता आमच्या बँकेतली तिजोरी घ्या. तिला दोन किल्ल्या लागतात, त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात, आणि एकट्याला ती उघडता येत नाही. पण त्याच किल्ल्यांचा दुसरा जोड सीलबंद होऊन दुसऱ्या शाखेत जमा असतो. म्हणजे जिथं खरोखरच नोटांच्या थप्प्या आहेत, तिथंसुद्धा माणूस विसरेल, आजारी पडेल, किंवा एखाद्या दिवशी येणारच नाही, हे धरून चालतात. लॉकरची किल्ली हरवली तर आम्ही गिऱ्हाइकाकडून खर्च घेतो आणि त्याच्यासमोर लॉकर फोडून देतो. ‘आता दागिने विसरा’ असं सांगत नाही. आणि घरातल्या, पोरांनी गाणी ऐकायच्या त्या डबीसाठी मात्र दुसरी किल्ली नाही! एकच किल्ली, ती एका पोराच्या डोक्यात, आणि ते डोकं पुण्यात.

बरं, या पासवर्डाचं कुळ तरी फार थोर आहे का? संगणकावर पासवर्ड आला तो १९६१ च्या सुमाराला, अमेरिकेतल्या एमआयटीत. एकच अवाढव्य यंत्र पुष्कळांनी वाटून वापरायचं, म्हणून फर्नांडो कॉर्बातो आणि मंडळींनी प्रत्येकाला आपापला शब्द दिला. १९६२ मध्ये तिथल्याच एका संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावरचा आपल्या वाट्याचा वेळ पुरेना, तेव्हा त्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. बाळाचं बारसं होतं न होतं तोच पाळणा चोरीला!

पुढं २००३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या बिल बर नावाच्या गृहस्थांनी नियम लिहिले. पासवर्डात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, आणि तो ठरावीक मुदतीनं बदलायला हवा. जगभरच्या कचेऱ्यांनी ते डोक्यावर घेतले. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी त्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी त्या संस्थेनंही कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगून टाकलं. गृहस्थांचं आडनाव बर, पण केलं ते काही बरं नव्हतं. या चौदा वर्षांत आमच्यासारख्यांची मात्र सवय पक्की झाली. बदलायची वेळ आली की मी शेवटचा आकडा एकानं वाढवतो. निवृत्तीपर्यंत शंभरी गाठेन. (हे वाचून कुणी प्रयत्न करू नये, कालच वाढवलाय.)

‘मग पासवर्डच नको, दार सताड उघडं ठेवा!’ असं कुणी म्हणेल. तसं मी म्हणत नाही. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादेत स्फोट झाले, तेव्हा जबाबदारी घेणारा ईमेल नव्या मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्याचा काही संबंध नसताना चौकशीचा ससेमिरा त्याच्या मागं लागला. तेव्हा कुलूप हवं, चांगलं दणकट हवं. माझं भांडण कुलपाशी नाहीच. किल्ली लपवण्याशी आहे. एटीएमचा पिन लिहून कार्डाबरोबर ठेवू नका, हे मी उद्याही सांगणार. कारण पाकीट रस्त्यावर पडतं. घराची भिंत रस्त्यावर पडत नाही. भिंतीवरचा पासवर्ड वाचायला चोर स्वयंपाकघरापर्यंत आला, तर तो वायफायसाठी आलेला नाही, एवढं मी नक्की सांगतो. ब्रूस श्नायर नावाच्या अमेरिकेतल्या नावाजलेल्या तज्ज्ञानं तर २००५ मध्येच सांगून ठेवलंय, की अवघड पासवर्ड ठेवा आणि सरळ कागदावर लिहून तो कागद जपा. आपण अवघड तेवढं घेतलं, कागद सोडला.

रात्री मला आठवले ते आमच्या गल्लीतले गुरुजी. निवृत्त शिक्षक, मुलगा बंगळुरूला. मुलानंच वायफाय बसवून दिलं, आई-वडिलांच्या फोनमध्ये जोडून दिलं आणि तो गेला. गुरुजींचा फोन मोरीत पडला. नवा आणला. नव्या फोनला पासवर्ड कुठला माहीत? आठ दिवस नातीचं तोंड दिसलं नाही. बँकेत पेन्शनच्या निमित्तानं आले तेव्हा मी विचारलं, ‘‘मुलाला का नाही विचारलंत?’’ तर खाली बघत म्हणाले, ‘‘सारखं काय विचारायचं? म्हणेल, एवढंही लक्षात राहत नाही.’’ ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून पाढे पाठ करून घेतले, त्या माणसाला एका शब्दासाठी पोराकडं हात पसरायची लाज वाटावी! सोलापुरात आता घराआड घर असंच आहे. पोरं पुण्याला, बंगळुरूला गेली. जाताना घरं आपल्याकडं ठेवून गेली आणि किल्ल्या डोक्यात घेऊन गेली. चूक पोरांची नाही. ‘लिहू नका, सांगू नका’ हे त्यांना आम्हीच शिकवलं. मी तर पगार घेऊन शिकवलं.

सकाळी मेहुण्याचा सातवीतला पोरगा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाता खाता म्हणाला, ‘‘काका, तुमचा फोन द्या.’’ सेटिंग उघडलं, वायफायवर गेला, आमच्या घराच्या नावासमोरच्या चाकावर बोट ठेवलं, ‘शेअर’ म्हणाला आणि फोन माझ्यापुढं धरला. ‘‘अंगठा लावा.’’ मी लावला. फोननं ओळखलं नाही. बावीस वर्षं नोटा मोजून माझ्या अंगठ्यावरच्या रेषा कुठल्या कुठं गेल्यात. ‘‘मग पिन टाका.’’ मी आठवू लागलो, तोवर सौ.नं पोळपाटावरूनच चार आकडे सांगितले. गुपित, गुपित म्हणतात ते हे!

पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांचा चौकोन उमटला, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत तो. अँड्रॉइडच्या फोनवर २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय आहे म्हणे; काही फोनांत खालची अक्षरं दिसत नाहीत, पण दुसऱ्या फोननं तो चौकोन टिपला की काम होतं. आयफोननं साठवलेला पासवर्ड उघड दाखवायला २०२२ मध्ये, सोळाव्या आवृत्तीत सुरुवात केली. त्याआधी सामान्य मालकाला स्वतःच्या फोनमधून तो काढणं जवळजवळ अशक्यच होतं. आपल्याच दिवाणजीनं आपल्यालाच वही न दाखवण्यासारखं ते होतं. ती एवढ्या वर्षांनी का होईना, दाखवू लागला, याबद्दल आभार.

मी चष्मा लावून वाचलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ‘बाबाविसरणार’. पुढं ॲट, एक, दोन, तीन.

घरात जो हशा पिकला, तो नंदीध्वजांच्या मिरवणुकीतल्या हलग्यांवर मात करणारा होता. दुपारी चिरंजीवांचा फोन आला. ‘‘बाबा, तुमच्या लक्षात राहावा म्हणून तर तसा ठेवला होता!’’

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात गेलो. तिथल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आईनं पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं आहे. गॅसचा ग्राहक क्रमांक, डॉक्टरांच्या दवाखान्याचा जुना सहा आकडी नंबर, लाइटबिलाचा नंबर, दूधवाल्याला दिलेली उचल. आई जाऊन नऊ वर्षं झाली. पण गॅसचा नंबर लागला की अजून आम्ही तिलाच विचारतो. दार उघडतो आणि ती सांगते. आईचं शिक्षण चौथी. पण आपण गेल्यावर घर अडू नये, एवढं तिला समजत होतं. मी तिच्या अक्षराखाली, जरा जागा सोडून, पासवर्ड लिहिला.

परवा होळीला चिरंजीव आले. नवा फोन घेतलाय. चपला काढल्या आणि विचारलं,

‘‘बाबा, पासवर्ड काय होता हो?’’

मी काहीच बोललो नाही. आजीच्या दाराकडं बोट दाखवलं.