ट्रेड टाकण्याआधी वर्कशॉप बघून या

दहावीचा निकाल लागला की देवगाव फाट्यावर आणि आसपासच्या गावांत आयटीआयचे अर्ज भरायची घाई सुरू होते. पोरगं म्हणतं, 'मित्रानं टाकलंय तेच टाका.' वडील म्हणतात, 'काही का होईना, नंबर लागू द्या.'

माझी हात जोडून विनंती आहे, असं करू नका.

आधी एक दिवस मोकळा काढा. मुलाला, मुलीला बरोबर घ्या आणि सेलूच्या किंवा जिंतूरच्या शासकीय आयटीआयला जा. ऑफिसातून परत फिरू नका, वर्कशॉप दाखवा म्हणा. लेथ चालू आहे का ते बघा. वेल्डिंग मशीनवर धूळ साचलीय का, तेही बघा. त्या ट्रेडला निदेशक आहेत की जागा रिकामी आहे, हे सरळ विचारा. तिथे शिकणाऱ्या पोरांना विचारा, 'हातात अवजार रोज येतं का?' खरं उत्तर तिथेच मिळेल.

मग ट्रेडचा विचार करा. इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर यांना दोन वर्षं लागतात. वेल्डर, प्लंबर एका वर्षात होतात. दहावीत नापास झालेल्यांनाही काही ट्रेडला प्रवेश मिळतो, म्हणून निकाल पाहून पोराला घरी बसवू नका.

आपल्या भागात काम काय आहे, तेही बघा. मोटार जळली की आपण रिवाइंडिंगवाल्याकडे धावतो. त्याच्या दुकानात जरा वेळ थांबा. तो काळी पडलेली तार उपसून काढतो, खाचा साफ करतो आणि एकेक वेढा मोजत नवी तार भरतो. वेढे चुकले की मोटार पुन्हा जळते आणि ऐन पाण्याच्या पाळीला पीक सुकतं. असं काम मन लावून शिकलेल्या माणसाला मागणी कमी होत नाही. आता शेतोशेती सौर पंप आलेत. त्यांची दुरुस्ती जाणणारी माणसंही आपल्याच गावात तयार व्हायला हवीत.

अर्जात ट्रेडचा क्रम नीट लावा. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, रहिवासी दाखला आत्ताच काढून ठेवा. ऐन वेळी तहसीलला रांग असते.

'हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. खासगी संस्थेत पैसे भरण्याआधी त्या ट्रेडला मान्यता आहे का, हे शासकीय आयटीआयमध्ये विचारून घ्या. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत किंवा रेल्वेत सहाय्यक लोको पायलट होताना प्रमाणपत्र तपासलं जातं. खोट्या कागदावर तुमचे पैसेही जातात आणि पोराची वर्षंही.

मुलींचं वेगळं सांगतो. आयटीआयमध्ये त्यांच्यासाठी 30 टक्के जागा राखीव आहेत. लेकीला शिवणकामच टाकायचं, असं घरात आधीच ठरवू नका. तिला वायरिंग आवडत असेल तर वायरिंग शिकू द्या. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, विद्यार्थ्यांना सवलतीचा पासही मिळतो. जाण्यायेण्याच्या खर्चापायी तिचं शिक्षण अडवू नका.

आयटीआय झालं म्हणजे शिक्षण संपलं, असं नाही. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करायलाच लावा. 1961 च्या कायद्यानं या उमेदवारीला विद्यावेतन आहे. जालन्याच्या स्टील कारखान्यांत किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वर्षभर घाम गाळलेल्या पोराचा हात वेगळाच बसतो. पुढे शिकायची हौस असेल तर दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. ही गोष्ट फार घरांना माहीतच नसते.

फाट्यावरच्या गॅरेजवाल्यांना आणि वेल्डिंगवाल्यांनाही सांगणं आहे. सुट्टीत दहावीची पोरं आली तर हाकलू नका. काम करून घेऊ नका, पण शेजारी उभं राहून बघू द्या.

आणि पालकहो, निकालाची वाट बघू नका. येत्या आठवड्यातच आयटीआयचं वर्कशॉप बघून या.