गवताचा हिशेब

झाशीस बदली होऊन आलेला मराठी अधिकारी पहिल्या रविवारी किल्ला पाहतो, राणीमहालावरून बडा बाजारात उतरतो आणि रस्ता अडवून बसलेली गुरे पाहून निदान करतो : बुंदेलखंडी शेतकरी आळशी, गाय भाकड झाली की मोकाट सोडून देतो. हे निदान आम्हांस मुळीच मान्य नाही.

या ‘अन्ना’ प्रथेचे मूळ आळसापेक्षा वैरणीच्या तुटवड्यात आहे, आणि वैरणीचे मोल झाशीकराला शिकवावे लागत नाही. १८५८ च्या मार्चमध्ये ह्यू रोज चालून आला, तेव्हा शत्रूच्या जनावरांना काडी मिळू नये म्हणून राणीने भोवतालचा मुलूख उजाड करविला होता. शिंदे आणि ओरछाकर यांनी इंग्रजांच्या छावणीस गवत, सरपण, भाजीपाला पुरविला, म्हणून तो डाव फसला. कडकबिजली, घनगर्ज या तोफांची नावे आम्हां सर्वांना पाठ. ते भारे कोणी कापले, हे विचारण्याचे मात्र कोणाला सुचत नाही.

पुढे लष्कराने स्वतःची कुरणे राखली. १८८९ साली अलाहाबादेस पहिले लष्करी फार्म निघाले. २०२१ साली ती सारी व्यवस्था बंद झाली. चराऊ कुरणे व चारा यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था तर १९६२ पासून झाशीतच आहे. म्हणजे विद्या घरात आहे. मग अडते कोठे? मजुरीपाशी. गवत फुलोऱ्यात असताना कापून वाळविले तरच त्यात सत्त्व राहते. दिवाळी उलटल्यावर उरतात त्या निव्वळ काड्या. नेमकी तेव्हाच खरिपाची काढणी, तेव्हाच रब्बीची पेरणी. आणि ज्याला जमीन नाही तो दिल्लीच्या नाही तर सुरतेच्या गाडीत बसलेला. विळा चालविणाऱ्याला पोटापुरते द्यायचे नाही आणि गंजी रचली नाही म्हणून त्यालाच आळशी ठरवायचे, हा न्याय अजब आहे!

उत्तर प्रदेश सरकार निराश्रित गुरांच्या पोषणासाठी जनावरामागे रोज ३० रुपये देत असे. २०२३ साली ते ५० केले. पैसा आहे, पण तो जनावर दावणीला आल्यावर सुटतो. त्यातला काही भाग आश्विनात, कुरणातच, कापणाऱ्याच्या हाती रोख मजुरी म्हणून का पडू नये? नियम आड येतो, असे सांगण्यात येईल. नियम बदलावा अशी टिपणी लिहिण्याच्या खुर्च्यांवर आपल्यापैकीही काही जण बसले आहेत. ती टिपणी भाद्रपद सरण्यापूर्वी वर गेली पाहिजे. नंतर कुरणात कापण्याजोगे फारसे उरत नाही.