तात्यांची शुगर आणि विंचूरची एक रात्र

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय जरा अवघड आहे, त्यातून घरातली मोठी माणसंही हे वाचतात. पण परवा तात्याच फोनवर म्हणाले, "लिही रे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून लिहितोय.

आमचं गाव विंचूर, तालुका निफाड. पूर्वी गाव कुठलं विचारलं की "लासलगावच्या शेजारी, कांद्याचं" असं सांगायचो. 2001 मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, पुढे एमआयडीसीचं वाईन पार्क झालं, आणि आता विंचूर म्हटलं की पुण्यातली मंडळी डोळे मिचकावतात. त्याबरोबर एक समजही पसरला, की वाईन म्हणजे दारू नव्हेच! 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला (तो अमलात आला नाही), तेव्हा तर हे टीव्हीवरच ऐकायला मिळत होतं.

शुगरवाल्यांसाठी मात्र गावचा सल्ला उलटा. "वाईन नको, द्राक्षाची साखर. त्यापेक्षा व्हिस्की घे, तिच्यात साखर नसते." तात्यांचाही यावर विश्वास होता. आयुष्य द्राक्षबागेत गेलेल्या माणसाला साखरेबद्दल आपण काय शिकवणार?

2019 चा फेब्रुवारी. बागेची तोडणी संपली म्हणून तात्या आणि दोन मित्र मळ्यात बसले. व्हिस्की, चखण्याला खारे शेंगदाणे. दिवसभर उन्हात राबणं झालेलं, संध्याकाळची शुगरची गोळी नेमाने घेतलेली, आणि जेवण? "घरी गेल्यावर जेवू." घरी आले तेव्हा बोलणं जड, पाय लटपटत होते. काकूंनी ताट झाकून ठेवलं, ओसरीवर गोधडी टाकली आणि रागाने आत निघून गेल्या. त्यांचं काय चुकलं? प्यायलेला माणूस असाच तर दिसतो.

पहाटे तीनला वहिनी पाणी प्यायला उठली. फेब्रुवारीच्या थंडीत तात्यांचा सदरा घामाने चिंब. तिने मशीन आणून बोटाला सुई टोचली. 42! नशीब, शुद्ध होती, गिळता येत होतं. साखरेचं पाणी पाजलं आणि गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाचले.

नंतर समजलं ते असं. पोट रिकामं असलं की यकृत साखर तयार करून रक्तात सोडत असतं. दारू आली की ते दारूचा निचरा करण्यात गुंततं आणि साखर बनवणं मागे पडतं. वर ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर साखर खाली येतच राहते, तीही बहुधा झोपेत. दुसऱ्या दिवशीपर्यंत हा धोका राहू शकतो. म्हणजे आम्ही साखर वाढायला घाबरत होतो आणि ती घसरली. कोरड्या वाईनमध्ये तर साखर फारशी उरतच नाही, यीस्टने खाऊन टाकलेली असते. मोजायचं ते अल्कोहोल. 150 मिलीच्या वाईनच्या पेल्यात ते साधारण 14-15 ग्रॅम, 60 मिली व्हिस्कीत सुमारे 20. 'वाईन म्हणजे दारू नव्हे'वाले आणि 'व्हिस्कीत साखर नसते'वाले, दोघेही चुकलेले.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. तात्यांचा घात दारूपेक्षा लपवाछपवीने केला. डॉक्टरांनी "घेता का?" विचारलं तेव्हा काकू शेजारी बसलेल्या. तात्या म्हणाले, "छे!" मग गोळी देताना डॉक्टर सावध तरी कशाला करतील? आमच्याकडे दोनच जाती, पिणारा आणि न पिणारा. कधीमधी घेणाऱ्या शुगरवाल्याला कुणी काही सांगत नाही, कारण तो असल्याचं कुणी कबूलच करत नाही.

न घेणं सगळ्यांत चांगलं, यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी 2023 मध्ये सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. यकृत किंवा स्वादुपिंडाचा त्रास असेल, पायांची आग होत असेल, तर विषयच संपला. पण 'सोडा' एवढं सांगून गप्प बसणं म्हणजे ओसरीवर गोधडी टाकून आत निघून जाण्यासारखंच आहे.

गेल्या वर्षी मलाही शुगर निघाली. बायकोच्या समोरच डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. आता घेतलीच तर भाकरी-भाजी जेवता जेवता, एकच पेला, तोही क्वचित. चखण्याला जेवण समजत नाही. त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारलेलं आहे. झोपण्यापूर्वी शुगर बघतो, उशाशी ग्लुकोज ठेवतो. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, मी बरळायला लागलो तर आधी मशीन आणा, मग भांडा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

तात्यांनी त्या रात्रीनंतर सोडली. मळ्यातली बैठक मात्र अजून भरते. तात्या ताक पितात, आणि मित्रांपैकी ज्याला शुगर आहे त्याला आधी जेवायला बसवतात.