हसणे हे खंडन नव्हे, संताप हे उत्तर नव्हे

श्रद्धेच्या विषयावर कोणी विनोद केला, की आपल्या समाजात दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, "बंदी घाला." दुसरा म्हणतो, "विनोदच तो, एवढे काय मनावर घ्यायचे?" आमच्या मते या दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. विनोदाने काही प्रश्न विचारला असेल, ही शक्यताच ते विचारात घेत नाहीत. आपल्या अंगणातील ताजे वाद बाजूला ठेवून आम्ही येथे इंग्लंडमधील एक जुने उदाहरण घेतो. जुन्या वादाकडे शांतपणे पाहता येते.

बीबीसी दूरचित्रवाणीवर १९६९ ते १९७४ या काळात 'माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' ही प्रहसनमालिका झाली. तिच्यातील १९७२ सालच्या एका प्रहसनात मायकेल पॅलिन हा नट एक पौंड मोजून पाच मिनिटांचा वाद विकत घ्यायला येतो. समोर बसलेला जॉन क्लीज त्याच्या प्रत्येक वाक्याचा नुसता इन्कार करतो. गिऱ्हाईक चिडते. हा वाद नव्हे, वादाला कारणांची साखळी लागते, असे त्याचे म्हणणे. तर्कशास्त्राचा हा पहिला धडा सेमिनरीत आम्हांला जाड ग्रंथातून शिकावा लागतो. येथे तो हसत हसत कळतो.

याच मंडळींनी १९७९ साली 'लाइफ ऑफ ब्रायन' हा चित्रपट काढला. प्रभू येशूच्या काळात जन्मलेल्या ब्रायन नावाच्या सामान्य माणसाला लोक मसीहा समजून बसतात, अशी त्याची कथा. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी बीबीसीवर त्याविषयी चर्चा झाली. एका बाजूस क्लीज आणि पॅलिन, दुसऱ्या बाजूस साउथवर्कचे अँग्लिकन बिशप मर्व्हिन स्टॉकवुड आणि पत्रकार माल्कम मगरिज. मगरिज आपणांस परके नाहीत. १९६९ साली मदर तेरेसांवर बीबीसीसाठी माहितीपट करून त्यांचे कार्य जगापुढे नेणारे तेच. १९८२ साली ते कॅथलिक झाले. म्हणजे श्रद्धेची बाजू मांडायला समर्थ माणसे बसली होती. परंतु चर्चेआधी चित्रपट दाखवण्यात आला, तेव्हा हे दोघे पंधरा मिनिटे उशिरा पोहोचले होते.

त्या मिनिटांत काय होते? डोंगरावर प्रभू येशू गंभीरपणे प्रवचन करीत आहेत. ब्रायन निराळा आणि प्रभू निराळे, हे तेथेच स्पष्ट होते. प्रभूची थट्टा नाही. थट्टा आहे मागे उभ्या असलेल्या श्रोत्यांची. त्यांना नीट ऐकू येत नाही. शांती करणाऱ्यांऐवजी चीज बनवणाऱ्यांना धन्य म्हटल्याचे ते ऐकतात, त्या चुकीच्या शब्दाचा गूढार्थही सांगतात आणि शेवटी हातघाईवर येतात. दर रविवारी वेदीवरून बोलणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना यात धर्मनिंदा दिसत नाही, आरसा दिसतो. वचन आणि त्याचा अर्थ यांच्यामध्ये ऐकणारा माणूस उभा असतो. मग अर्थ बरोबर पोहोचला हे कोणी ठरवावे? ख्रिस्तसभेला परंपरेची आणि शिकवणुकीच्या अधिकाराची गरज का भासते, हे समजावून सांगण्याची याहून चांगली संधी कोणती? ती वाया गेली. क्लीज आणि पॅलिन कारणे देत राहिले, समोरून टोमणे येत राहिले, आणि अखेरीस बिशपांनी यूदासाच्या तीस नाण्यांची आठवण काढली. १९७२ चे प्रहसन जणू पुन्हा रंगले. फरक इतकाच, की नकाराची बाजू या खेपेस आपण घेतली होती.

याचा अर्थ चित्रपटावर आक्षेप नव्हताच, असे नाही. त्याच्या शेवटी क्रुसांवर टांगलेली माणसे आनंदाने गाणे म्हणतात. रोमन राजवटीत ही शिक्षा अनेकांना होत असे, असा त्यावरचा बचाव. इतिहास म्हणून तो खरा आहे. परंतु जवळजवळ दोन हजार वर्षे ज्या चिन्हापुढे माणसे गुडघे टेकत आली, ते चिन्ह केवळ शिक्षेचे साधन म्हणून वापरता येते काय? चिन्हाचा अर्थ वापरणाऱ्याच्या हेतूवर ठरतो, की पाहणाऱ्यांच्या स्मृतीवर? आमचे उत्तर स्पष्ट आहे : एकट्या हेतूने स्मृती पुसली जात नाही. हा आक्षेप विनोदकारांना जड गेला असता. पण टोमण्यांत तो बुडाला. आयर्लंडमध्ये चित्रपटावर १९८७ पर्यंत बंदी होती. तिनेही या प्रश्नाचे उत्तर दिले नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक धीर दाखवला. 'सुम्मा' या ग्रंथात ते विरोधकाचे म्हणणे प्रथम मांडतात, मगच आपले उत्तर देतात. त्याच ग्रंथात ते खेळ आणि विनोद यांना मनाची विश्रांती म्हणतात, आणि स्वतः कधी विनोद न करता दुसऱ्याच्या आनंदात विघ्न आणणाऱ्यालाही दोषी ठरवतात. परंतु माणसाला खजील करण्यासाठी केलेला उपहास ते पाप मानतात, आणि परमेश्वराचा उपहास सर्वांत गंभीर. म्हणजे विनोद करावा की नाही, असा प्रश्नच त्यांच्यापुढे नाही. कोणावर, कशासाठी आणि कोठे, एवढेच ते विचारतात.

हसे झाल्याने एखादी गोष्ट खोटी ठरत नाही; आपण दुखावलो म्हणून समोरच्याचे म्हणणेही खोटे ठरत नाही. तेव्हा पालकांना आमचे सांगणे आहे, की अशी एखादी चित्रफीत घरात आली तर सह्यांचे पत्रक काढण्यापूर्वी ती मुलांसमवेत पूर्ण पाहावी. हसू नेमके कोणाचे झाले, ते विचारावे. आपल्या दोषाचे झाले असेल तर दोष सुधारावा. पवित्र गोष्टीचे झाले असेल तर ठामपणे, कारणे देऊन बोलावे. जो समाज आपल्या मुलांना कारणे देऊ शकत नाही, त्याची मुले एक दिवस उपहास करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतात. त्या दिवशी बंदीचा काही उपयोग होणार नाही.