विश्लेषण : पाण्यात परत सोडलेला मासा खरोखर जगतो का?

हिवाळ्याची सकाळ. युरोपातील एखाद्या मोठ्या जलाशयावर छोटी बोट जवळजवळ स्थिर उभी असते. बोटीतल्या पडद्यावर खोलीचा आकडा दिसतो, 18 मीटर. तळाजवळ एक ठिपका हलतो. रबरी मासोळी खाली सोडली जाते, ठिपका तिच्याकडे वळतो, काठी वाकते आणि मिनिटभरात झँडर जातीचा मासा जाळीत येतो. फोटो निघतो आणि मासा हळुवार हाताने पाण्यात सोडला जातो. पण तो खाली जात नाही. पोट फुगलेले, डोळे बाहेर आलेले, एका कुशीवर तो तरंगत राहतो.

‘पकडा आणि सोडून द्या’ हा हौशी मासेमारीतला सभ्यतेचा नियम मानला जातो. मात्र खोल जलाशयातील झँडर आणि पर्च या दोन माशांच्या बाबतीत तो अनेकदा पकडणाऱ्याच्या मनाचे समाधान करण्यापुरताच उरतो. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा हा आढावा.

ल्युअर मासेमारी म्हणजे काय?

गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा न लावता नकली आमिष वापरायचे, ही ल्युअर मासेमारी. लाकडाची, धातूची किंवा मऊ रबराची मासोळी पाण्यात अशी हलवायची की शिकारी माशाला ती जिवंत वाटावी. मोठ्या जलाशयात यातले दोन प्रकार जास्त चालतात. पहिल्यात शिशाचे डोके असलेल्या गळावर रबरी मासोळी चढवून ती बोटीच्या थेट खाली तळाजवळ वरखाली नाचवतात. दुसऱ्यात वजन दोरीच्या टोकाला आणि मासोळी त्याच्या थोडी वर बांधतात. त्यामुळे वजन तळाला टेकते आणि मासोळी अधांतरी थरथरत राहते. दोन्ही प्रकारांत आमिष सरळ खोल पाण्यात जाते, आणि अडचणीचे मूळ तिथेच आहे.

झँडर आणि पर्च खोल पाण्यात का असतात?

दोन्ही मासे एकाच कुळातले. पर्चच्या अंगावर काळसर पट्टे आणि पर लालसर असतात. तो थव्याने फिरतो आणि लहान माशांना कोंडीत पकडतो. झँडर लांबट, टोकदार दातांचा. मांजराच्या डोळ्यांप्रमाणे त्याच्या डोळ्यांतही मागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे गढूळ पाण्यात आणि अंधुक उजेडात त्याला शिकार करता येते. थंडीत लहान मासे खोल पाण्यात जमा झाले, की त्यांच्यामागे हे दोघेही खाली जातात.

सगळीकडेच हा प्रश्न येत नाही. हंगेरीतील बालाटन सरोवर झँडरसाठी प्रसिद्ध आहे, पण त्याची सरासरी खोली जेमतेम 3 मीटर. धरणे बांधून तयार झालेल्या जलाशयांचे गणित वेगळे असते. बुडालेल्या दरीच्या तळाशी 15, 20, कधी 30 मीटर पाणी असते.

इंग्लंडच्या जलाशयांत ते पोहोचले कसे?

रटलंड वॉटर हा पृष्ठभागाच्या क्षेत्रफळानुसार इंग्लंडमधला सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय. 1970 च्या दशकात पिण्याच्या पाण्यासाठी तो बांधला गेला. केंब्रिजशरमधील ग्रॅफम वॉटर त्याआधीचा, 1966 मध्ये सुरू झालेला. दोन्ही ठिकाणांची ख्याती ट्राउट मासेमारीसाठी होती. ट्राउट मुद्दाम सोडले जात. झँडरला मात्र कोणी बोलावले नव्हते.

हा मासा मूळचा ब्रिटनचा नाही. 1878 मध्ये तो युरोपच्या मुख्य भूमीवरून आणून बेडफर्डशरमधील वोबर्न ॲबीच्या तळ्यांत सोडण्यात आला. खरा प्रसार झाला तो 1963 नंतर. त्या वर्षी पूर्व इंग्लंडमधील ग्रेट ऊझ नदीच्या पूरनियंत्रण कालव्यात झँडर सोडले गेले आणि तिथून ते आसपासच्या पाण्यात पसरले. ग्रॅफममध्ये ग्रेट ऊझचे, तर रटलंडमध्ये नीन आणि वेलंड या नद्यांचे पाणी पंपाने येते. त्या पाण्याबरोबरच पिल्ले आत आली, असे मानले जाते. पुढे दोन्ही ठिकाणी ट्राउटवाल्यांच्या जोडीला ल्युअरवालेही येऊ लागले. थोडक्यात, ट्राउटसाठी घडलेल्या जलाशयांवर आता शरीररचनेने पूर्णपणे वेगळा मासा पकडला जातो.

वर येताना माशाच्या शरीरात काय होते?

मुंबईहून महाबळेश्वरला जाताना गाडीतले वेफर्सचे पाकीट फुगलेले अनेकांनी पाहिले असेल. वर हवेचा दाब सुमारे 15 टक्क्यांनी कमी असतो, म्हणून पाकिटातली हवा पसरते. रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेला हा नियम शाळेच्या पुस्तकात असतो. तापमान तेच असेल, तर दाब निम्मा होताच वायूचे आकारमान दुप्पट होते.

पाण्यात हा फरक फार वेगाने पडतो. दर 10 मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर 1, 10 मीटरवर 2, 20 मीटरवर 3 आणि 30 मीटरवर 4. माशाच्या पोटात वायूची एक पिशवी असते. पाण्यात न बुडता, न तरंगता एका पातळीवर राहण्यासाठी ती उपयोगी पडते. 10 मीटरला सरावलेला मासा झटकन वर आणला, तर पिशवीतला वायू दुप्पट जागा मागतो. 20 मीटरवरून आणला तर तिप्पट.

शरीरात तेवढी जागा नसते. पिशवी ताणली जाते, कधी फाटते आणि वायू पोटात शिरतो. आतले अवयव दाबले जातात, रक्तस्राव होतो, डोळे बाहेर येतात आणि जठर उलटे होऊन तोंडात येते. तोंडातला तो फुगा हवेची पिशवी आहे असे समजून काही जण त्याला टोचतात. प्रत्यक्षात ते माशाचे जठर असते.

ट्राउटला हा त्रास का होत नाही?

ट्राउट, पाइक आणि कार्प कुळातील माशांमध्ये हवेच्या पिशवीपासून अन्ननलिकेपर्यंत एक नळी असते. दाब वाढला की ते तोंडावाटे वायू सोडून देतात, एका अर्थी ढेकर देतात. मोठ्या झँडर आणि पर्चमध्ये ही नळी नसते. त्यांच्या पिशवीतला वायू रक्तातूनच आत येतो आणि रक्तातूनच बाहेर जातो. या कामाला मिनिटे नव्हे, तास लागतात.

म्हणूनच ‘सावकाश वर आणा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. मासा 1 मिनिटाऐवजी 5 मिनिटांत वर आणला, तरी त्याच्या शरीराच्या दृष्टीने फरक पडत नाही. उलट झुंज लांबल्याने तो जास्त थकतो.

सुई टोचणे किंवा खाली पोहोचवणे, हे उपाय चालतात का?

पोटात पोकळ सुई घालून वायू काढणे हा एक उपाय सांगितला जातो. जागा चुकली तर सुई अवयवात घुसते आणि जखमेतून संसर्ग होतो. बोटीत थंडीने बधिर झालेल्या हातांनी, सरावाशिवाय हे करणे म्हणजे जुगारच.

दुसरा उपाय थोडा बरा आहे. माशाच्या जबड्याला वजन असलेली चिमटी लावून त्याला पुन्हा खोल सोडायचे आणि तिथे चिमटी मोकळी करायची. दाब परतला की वायू आक्रसतो. समुद्रातील माशांसाठी हे साधन बरेच वापरले जाते. मेक्सिकोच्या आखातात खडकाळ भागातले मासे पकडणाऱ्यांनी असे साधन किंवा सुई बोटीत तयार ठेवावी, असा कायदा अमेरिकेने केला आणि तो 2022 पासून लागू झाला. तरीही फाटलेली पिशवी किंवा झालेला रक्तस्राव याने भरून येत नाही. चिमटी चुकून वर आलेल्या माशासाठी ठीक, पण दिवसभर खोल पाण्यात गळ टाकत राहण्याचा तो परवाना होऊ शकत नाही.

‘पण माझा मासा तर शेपटी मारून खाली गेला,’ असा दावा अनेक जण करतात. खाली जाणे म्हणजे वाचणे नव्हे. आतल्या जखमांनी मासा काही तासांनी किंवा दिवसांनीही मरतो आणि तेव्हा तिथे कोणाचा कॅमेरा नसतो.

सोनारमुळे काय बदलले?

पूर्वी खोल पाण्यातला मासा अंदाजाने शोधावा लागे. आता पडद्यावर तो जवळपास थेट दिसतो. गार्मिन कंपनीने 2018 मध्ये ‘लाइव्हस्कोप’ आणल्यापासून चालू चित्र दाखवणारे सोनार हौशी बोटींतही आले. एकेका माशाच्या नाकासमोर आमिष नेता येते. म्हणजे ज्या खोलीने माशाला पूर्वी आसरा दिला, ती आता त्याला लपवू शकत नाही.

या उपकरणावर बंदी घाला, असे म्हणणारे आहेत. ते टोकाचे वाटते. मासा दाखवणारा पडदा खोलीही दाखवतो. ‘इतके खोल आहे हे माहीत नव्हते’ ही सबब त्यामुळे उरत नाही. खोलीची मर्यादा पाळणे आजच्याइतके सोपे पूर्वी कधीच नव्हते.

परका मासा आहे, मग त्याची काळजी कशाला?

हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये झँडर परकी जात आहे. परवान्याशिवाय तो नव्या पाण्यात सोडता येत नाही आणि काही कालव्यांतून तो विजेच्या साहाय्याने पकडून बाहेर काढला जातो. एका पाण्यात नकोसा आणि दुसऱ्या पाण्यात बक्षिसाच्या लायक, अशी त्याची अवस्था आहे.

पण परका म्हणून तो मारायचा असेल, तर तसे सरळ म्हणावे, झटकन मारावा आणि खावा. झँडरचे पांढरे, कमी काट्यांचे मांस युरोपात आवडीने खाल्ले जाते. पर्च मात्र ब्रिटनचा मूळ रहिवासी आहे आणि त्याची हवेची पिशवीही तशीच बंद आहे. परकेपणाची सबब त्याला लागूच होत नाही. मारायचा नाही म्हणायचे आणि तरंगत मरायला सोडायचे, हे दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे.

या दुटप्पीपणावर काही देशांनी कायद्यानेच बोट ठेवले आहे. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्याने मासा पकडण्यास मनाई आहे. जर्मनीत प्राण्याला सबळ कारणाशिवाय वेदना देणे हा गुन्हा आहे आणि फोटोपुरता मासा पकडणे त्या कसोटीवर अडचणीत येते. नेदरलँड्समध्ये मासा सोडण्याची पद्धत रूढ आहे. तिथे झँडर आणि पर्चसाठी 1 एप्रिलपासून मेच्या शेवटच्या शनिवारपर्यंत बंदी असते. झँडरचा नर याच सुमारास घरट्यातल्या अंड्यांची राखण करतो. प्रत्येक देशाचे उत्तर वेगळे आहे, पण माशाचे पुढे काय होते हा प्रश्न त्यांनी टाळलेला नाही.

मग करायचे काय?

सर्वांत साधा नियम असा : झँडर किंवा पर्च सोडायचा असेल, तर 10 मीटरपेक्षा खोल गळ टाकायचा नाही. ही रेघ म्हणजे निसर्गाची भिंत नव्हे. मासा कोणत्या खोलीला सरावलेला आहे यावर इजा कमीजास्त होते आणि 8 मीटरवरूनही त्याला त्रास होऊ शकतो. पण वायू दुप्पट होण्याची मर्यादा लक्षात ठेवायला सोपी आहे आणि पडद्यावर तपासता येते. अमेरिकेत झँडरचा भाऊबंद असलेल्या वॉलायसाठी मत्स्य विभाग असाच सल्ला देतात : सोडायचे असेल तर खोल पाण्यात पकडू नका.

जलाशयांच्या व्यवस्थापनांनी हा नियम परवान्यावर छापावा. जिथे तो आधीच आहे, तिथे बोट देताना तोंडी सांगावा. थंडीत मासे खोल गेले की या दोन जातींची मासेमारी उथळ भागापुरती ठेवावी. स्पर्धांमध्ये खोल पाण्यातला मासा गुणांत धरू नये. आणि एखादा मासा खोलून आलाच, तर जिथे नियम परवानगी देतात तिथे तो घरी न्यावा आणि त्यानंतर त्या जागेवरून बोट हलवावी.

यामुळे हिवाळ्यातला व्यवसाय घटेल, बोटी भाड्याने जाणार नाहीत, ही तक्रार खोटी नाही. मात्र मोठा झँडर व्हायला बरीच वर्षे लागतात आणि तो तरंगत मेला, तर पुढच्या हंगामात त्याच्यासाठी कोणी बोट भाड्याने घेणार नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न येतो का?

इथल्या धरणांत झँडर नाही. रोहू, कटला आणि महसीर हे कार्प कुळातले मासे असल्याने त्यांना वायू सोडणारी नळी असते. खाडीतला जिताडा आणि उजनीतली चिलापी यांची पिशवी मात्र झँडरसारखीच बंद असते. ते बहुधा उथळ पाण्यात मिळतात म्हणून हा त्रास सहसा दिसत नाही. पण राज्यात ल्युअर घेऊन धरणावर जाणाऱ्या हौशी तरुणांनी एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही, की ‘सोडला म्हणजे वाचला’ हे प्रत्येक माशाला लागू होत नाही. आधी मासा कोणता आणि तो किती खोलीवरून आला, हे पाहावे लागते.

मासा सोडण्याचा निर्णय तो हातात आल्यावर घेता येत नाही. गळ किती खोल टाकला, तेव्हाच तो झालेला असतो.