वाऱ्याचा इशारा डोंग्यापर्यंतही पोहोचावा

उमरेड : समुद्र खवळणार असेल, तर हवामान खाते मच्छीमारांना वेगळा इशारा देते, होड्या बंदरातच थांबतात. मात्र उमरेडच्या पूर्वेला गोसेखुर्दच्या जलाशयात डोंगा घालणाऱ्या ढिवरांना जिल्ह्याच्या सरसकट अंदाजावरच भागवावे लागते.

धोका इथेही आहे. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काही नसते. तो जितका लांबवर वाहतो, तितक्या लाटा वाढतात. उन्हाळ्यातले वादळ तर काही मिनिटांत येते. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला.

म्हणूनच जलाशयाचे नाव घेऊन दिलेला इशारा मच्छीमार संस्थांच्या मोबाइलवर यावा आणि प्रत्येक डोंग्यात लाइफ जॅकेट असावे. गोड्या पाण्यातला मच्छीमारही मच्छीमारच आहे.